हत्तीणीचा झिरा

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात रानातली नदी आटली. हत्तीणीने वाळूत खोल झिरा खणला आणि तळाशी पाणी लागलं. मग रोज सकाळी ती काठावरच्या पायखुणा बघून सुखावायची. “ससे आले, साळिंदरं आली, हरणंसुद्धा आली! सगळ्यांची तहान भागली!”

वाळूत अंडी उबवत बसलेल्या टिटवीला एक दिवस राहवेना. ती म्हणाली, “मावशी, काठावरच्या खुणा रोज बघतेस. आज जरा आतही बघ.”

हत्तीणीने वाकून पाहिलं. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिथे फक्त तिच्याच सोंडेच्या खुणा होत्या.

“कड इतकी उभी, उतरणार कोण?” टिटवी म्हणाली. “येतात, वाकून बघतात आणि तसेच परत जातात.”

“मग कुणी बोललं का नाही गं?” हत्तीण कळवळली.

“तू एवढ्या मायेने खणलंस. शिवाय तहान भागली, हे तूच सांगत होतीस. विचारलं कुठे होतंस?”

हत्तीण तडक करवंदीच्या जाळीपाशी गेली. सुकल्या ओठांच्या सशापुढे तिने गुडघे टेकले.

“बाळा, झिऱ्यात पायऱ्या करायच्या आहेत. तुझं पाऊल केवढं पडतं, दाखव बरं.”