मुंगीआत्या आणि घडीची सायकल

तिळाएवढी होती. कोण? मुंगी.
काळी काळी, कंबर बारीक. आणि घाई तर विचारूच नका.

घाई का नसेल? आज ती आत्या होती. पलीकडवाडीला तिच्या भावाचं बाळ होतं. आज त्या बाळाचं बारसं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव कोण सांगतं? आत्या सांगते. आत्या नाही, तर नाव नाही.

आणि नाव नाही म्हणजे काय पंचाईत, सांगते. बाळाची आई हाक मारायची, "ए." की वारुळातली शंभर बाळं वळायची. तिला हवं असायचं एकच.

पलीकडवाडी लांब. मुंगीचे पाय इवले इवले. पण मुंगीआत्या हुशार. ठकूकाकूची एक सायकल होती. घडीची सायकल. मधोमध दुमडायची, खाटेखाली मावायची. रोज काकू तिच्यावरून पलीकडवाडीला जायची. मुंगीआत्या घंटीवर चढून बसली. अगदी ऐटीत.

पण आज काकूला पापड लाटायचे होते. म्हणून निघाला केरूकाका.

आता ऐका. काकू होती बुटकी. सीटही तशीच, खाली खाली. आणि काका? काका ताडमाड उंच. दारातून वाकून यायचा, तरी डोकं आपटायचा.

काका सीटवर बसला. पॅडल मारलं.
डावा गुडघा हनुवटीला, ठक.
उजवा गुडघा हनुवटीला, ठक.
ठक ठक, ठक ठक, ठकाठक.

"ही काय सायकल आहे?" काका म्हणाला. "हे तर खेळणं." आणि गाल फुगवून ओट्यावर जाऊन बसला.

गेली की सायकल बोंबलत. मुंगीआत्या घंटीवरून उतरली.
तुरु तुरु तुरु. गेली काकाकडे.

"सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
काका, काका, बसा की हो."

काका म्हणाला, "सीट वर होत नाही, तोवर मी बसत नाही."

तुरु तुरु तुरु. गेली सीटकडे.

"काका बसत नाही,
सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
सीटबाई, सीटबाई, वर हो की गं."

सीटच्या खाली होता एक खटका. त्याने सीटला घट्ट धरलं होतं.
सीट म्हणाली, "खटका सुटत नाही, तोवर मी वर होत नाही."

तुरु तुरु तुरु. गेली खटक्याकडे.

"सीट वर होत नाही,
काका बसत नाही,
सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
खटकोबा, खटकोबा, सुट की रे."

खटका होता गंजलेला. बोलतानाही कुरकुरायचा. कुर्रकुच, कुर्रकुच.
खटका म्हणाला, "तेल पडत नाही, तोवर मी सुटत नाही."

तुरु तुरु तुरु. गेली तेलाकडे. तेल होतं बाटलीत. बाटली होती पिशवीत.

"खटका सुटत नाही,
सीट वर होत नाही,
काका बसत नाही,
सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
तेलराव, तेलराव, पडा की हो."

तेल म्हणालं, "पिशवीवर कोण बसलंय बघ. मनी उठत नाही, तोवर मी पडत नाही."

मनी म्हणजे मांजर. पिशवीवर पसरली होती, ऐसपैस. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.
तुरु तुरु तुरु. आत्या चढली मनीच्या मिशीवर.

"तेल पडत नाही,
खटका सुटत नाही,
सीट वर होत नाही,
काका बसत नाही,
सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
मनूताई, मनूताई, ऊठ की गं."

मनीने एक डोळा उघडला. अर्धाच.
"दूध मिळत नाही, तोवर मी उठत नाही." आणि डोळा मिटला. काय म्हणावं या मांजराला.

ऊन अंगणात आलं. तिकडे पाळणा बांधून झाला असेल. आता मात्र उशीर नको.
तुरु तुरु तुरु तुरु. गेली काकूकडे.

"मनी उठत नाही,
तेल पडत नाही,
खटका सुटत नाही,
सीट वर होत नाही,
काका बसत नाही,
सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
काकू, काकू, दूध दे की गं."

काकूने लाटणं आपटलं. धप्प.
"माझ्या सायकलला हे खेळणं म्हणाले. मी ऐकलंय. हे गोड बोलत नाहीत, तोवर मी दूध देत नाही."

अगोबाई. म्हणजे काकूही रुसलेली.
तुरु तुरु तुरु. आत्या परत काकाकडे. तिला धाप लागली होती, तरी सगळं म्हणाली.

"काकू दूध देत नाही,
मनी उठत नाही,
तेल पडत नाही,
खटका सुटत नाही,
सीट वर होत नाही,
काका बसत नाही,
सायकल निघत नाही,
आत्या पोचत नाही,
बाळाला नाव नाही.
काका, काका, गोड बोला की हो."

आणि काका काय म्हणाला असेल?
"सीट वर होत नाही, तोवर मी गोड बोलत नाही."

घ्या. परत सीट. सीटकडून खटका, खटक्याकडून तेल, तेलाकडून मनी, मनीकडून काकू, काकूकडून काका. गोल गोल, गोल गोल. मुंगीआत्याला गरगरलं. ती मटकन खाली बसली. तिला रडूच आलं. एवढंसं रडू, राईएवढं.

मग तिने डोळे पुसले. वर पाहिलं. काका केवढा उंच. पण आत्याच ती, अशी थोडीच ऐकते.

चढली काकाच्या अंगठ्यावर. तुरु तुरु.
अंगठ्यावरून गुडघ्यावर. तुरु तुरु.
गुडघ्यावरून पोटावर. पोटावरून खांद्यावर. तुरु तुरु तुरु.
आणि शिरली थेट कानात.

"कुर्रर्रर्र," आत्या म्हणाली. "तुमचं नाव रुसूबाई."

काकाला झाल्या गुदगुल्या. काका हसला, खी.
"कुर्रर्रर्र, रुसूबाई."
खी खी.
"कुर्रर्रर्र, रुसूबाई, मिशीवाली रुसूबाई."
खी खी खी, खो खो खो. काका ओट्यावर आडवा झाला. पाय पार अंगणात गेले.

काकू बाहेर आली. लाटणं हातात. "काय झालं हो?" पण काकाला बघून तीही हसायला लागली. हसता हसता कोणाला रुसता येतं का? बघा बरं करून. नाही येत.

काका म्हणाला, "अगं, सायकल छान आहे तुझी. माझेच पाय लांब."

मग काय सांगू.

काका गोड बोलला,
काकूने दूध दिलं,
मनी उठली,
तेल पडलं, टिप टिप टिप,
खटका सुटला, खटाक,
सीट वर झाली, सुर्रर्रर्र,
काका बसला.

बसला खरा, पण सीट झाली भलतीच वर. काकाचे पाय हवेत. पॅडल खाली. पाय लोंबकळताहेत, लुळुक लुळुक.

"अहो, एवढी नाही," काकू म्हणाली. "पॅडल खाली घ्या. त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की पुरे."

सीट थोडी खाली. टाच पॅडलवर. पाय सरळ. हां, आता बरोबर. काकूने हँडलही चार बोटं वर ओढलं. खटका लावला, खटाक. आत्या परत घंटीवर.

काकाने पॅडल मारलं. डावा गुडघा, ठक नाही. उजवा गुडघा, ठक नाही. सायकल निघाली, सुसाट.

ट्रिंग, घंटी वाजली. आत्या उडाली वर, टण्ण.
ट्रिंग ट्रिंग. टण्ण टण्ण.
"काका, सावकाश," आत्या ओरडली. पण काकाला इतकी मजा येत होती, तो कशाला ऐकतोय. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, टण्ण टण्ण टण्ण, अशी आत्या उडत उडत पलीकडवाडीला पोचली.

वारुळात पाळणा टांगला होता. भुईमुगाच्या टरफलाचा पाळणा. घुगरी शिजली होती. एकच दाणा शिजवला, सगळ्यांना पुरला. सगळे दाराकडे बघत होते.

"आली, आली, आत्या आली."

आत्या पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बाळाचा कान तो, खसखशीहून लहान.
"कुर्रर्रर्र," आत्या म्हणाली. आणि हळूच नाव सांगितलं.

बारशात कुर्र केलं, की आत्याला काय मिळतं? धपाटे. धपाधप, धपाधप, पोरांनी आत्याच्या पाठीवर मारून घेतले. बाहेरून काकानेही बोट पुढे केलं.
"काका, तुम्ही लांबूनच मारा," आत्या म्हणाली.

मग आईने पाळण्याकडे पाहिलं. आणि पहिल्यांदा हाक मारली.
"बटमोगरी."

वारुळात शंभर बाळं होती.
वळलं एकच.