रांजणात कोंडलेला थकवा

एका राज्यात, जिथले डोंगर निळे आणि माती तांबूस, तिथे धवलकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा वाईट नव्हता हो, उतावळा होता. एके सकाळी त्याच्या मनात आलं, नगरीच्या तटाला खालपासून वरपर्यंत तांब्याचा पत्रा मढवावा. सूर्य उगवला, की पंचक्रोशीला वाटावं आज दोन सूर्य उगवले! राजाने हुकूम सोडला आणि तो हुकूम थेट तांबट आळीच्या गळ्यात येऊन पडला.

आता तांबट आळीची रीत ऐका. दिवसाउजेडी एखाद्या घरची हातोडी थांबली, की शेजारी समजायचे तिथे कोणीतरी गेलं. ठोके बंद म्हणजे सुतक. म्हणून कोणी हातोडी खाली ठेवायला धजत नसे. तहान लागली तर बायको तोंडाशी तांब्या धरायची, पण हात काही थांबायचा नाही. तरी पूर्वी बरं होतं. दिवेलागण झाली, की सगळी आळी एकदम हातोड्या ठेवायची आणि जेवून निजायची. तटाचं काम आलं आणि दिवेलागणीचा तो नेम मोडला. मग पाठी मोडल्या, डोळे चुरचुरू लागले, माणसं ऐरणीवरच पेंगायला लागली. तट काही पुढे सरकेना.

तेव्हा दरबारात कालंजर नावाचा मांत्रिक आला. त्याच्या डोळ्यांखाली ही एवढी काळी वर्तुळं.

"महाराज, आपले कारागीर थकतात."

"थकतात खरे."

"त्यांचा थकवा मला द्या. मग ते थांबणार नाहीत."

"आणि बदल्यात काय हवं?"

"थकवाच. दुसरं काही नको."

राजाला वाटलं, असला वेडा मांत्रिक रोज यावा. त्याने तिथल्या तिथे हो म्हटलं.

आळीच्या तोंडाशी एक काळा रांजण बसला. त्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा, की अंगातला सगळा शीण सर्रकन उतरून जायचा. रांजणाला तळ नव्हता. आत पडलेला थकवा दूर निळ्या डोंगरातल्या मांत्रिकाच्या गुहेत निघायचा, आणि तिथे प्रत्येकाच्या नावाच्या मडक्यात साठायचा. तांबट तर हरखून गेले! आता थांबायला नको, शेजाऱ्यांच्या मनात भलतंसलतं यायला नको. मांत्रिकाच्या नावाने त्यांनी रांजणाला हळदकुंकू वाहिलं. बिचारे.

त्या आळीत म्हाळसा नावाची एक बाई होती. नवरा भानजी, नामांकित तांबट. म्हाळसा भाता ओढायची, चिंच आणि राख घेऊन भांडी लख्ख करायची, स्वयंपाक करायची, सासूचे पाय चेपायची. पण बायकांचं काम कोणी कामात धरत नसे, म्हणून त्यांचा थकवा मागायलाही कोणी आलं नाही. म्हाळसा थकायची आणि पडल्या पडल्या झोपायची. त्या आळीत झोपेचं सुख उरलं होतं ते फक्त बायकांना.

पहिले काही दिवस भानजी नुसता उत्साहाने फुललेला. मग म्हाळसाच्या ध्यानात एकेक यायला लागलं. त्याचे हात रिकामे असले, की थरथरायचे. घास तोंडात फिरायचा, गिळवत नसे. छातीवर कोणी बसल्यासारखं होतं म्हणायचा आणि लगेच हसण्यावारी न्यायचा. अंथरुणावर पडायचा, पण डोळे आढ्याला लागलेले. भांडं पडलं तरी अंगावर धावून यायचा, तो भानजी, ज्याने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता.

"अहो, थोडं टेकता का?"

"कशाला? थकलोय कुठे मी? अगं, घोड्यासारखा ठणठणीत आहे."

आणि एके दुपारी शेजारचा कोंडाजी गेला. हातात हातोडी, तोंडात गाण्याची अर्धी ओळ, आणि बसल्या जागी मान खाली. थकलो म्हणून एक शब्द त्याने कधी काढला नव्हता. त्याच्यामागून आणखी तिघे गेले, तसेच, हसत-बोलत.

म्हाळसाने वैद्यराज त्र्यंबकशास्त्र्यांना घरी आणलं. शास्त्रीबुवांनी भानजीची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग तिला ओसरीवर घेऊन म्हणाले, "बाई, नाडी म्हणते हा माणूस पार झिजलाय. माणूस म्हणतो मी धडधाकट आहे. थकवा म्हणजे शरीराची हाक. हाकच चोरीला गेली, तर धनी ऐकणार काय?"

"औषध द्या, शास्त्रीबुवा."

"माझ्याकडे नाही. याचा थकवा याला परत आणून दे. पुढची पुनव उलटली, तर आणूनही उपयोग नाही."

म्हाळसाने डोळ्यांतलं पाणी पदराला पुसलं, नवऱ्याला सासूच्या हवाली केलं आणि निळ्या डोंगराची वाट धरली. वाटेत काय काय झालं ते सांगत बसत नाही. काटे बोचले, ऊन लागलं, ती चालत राहिली.

डोंगराच्या पोटात एक दगडी दार होतं. दाराला तीन कुलपं, आणि एकालाही किल्लीचं भोक नाही. शेजारच्या उंबरावर पिवळ्या चोचीचा एक मोठा धनेश पक्षी बसला होता.

"पक्षीराजा, हे दार कसं उघडतं?"

"सांगेन," धनेश म्हणाला. "पण आधी माझी दुपारची झोप व्हायची आहे. तोवर बैस. आणि हातांना काही काम देऊ नकोस." एवढं बोलून त्याने डोळे मिटलेसुद्धा.

म्हाळसा बसली. बसली खरी, पण तांबटाच्या बायकोला नुसतं बसणं म्हणजे काय शिक्षा! हात आपोआप पालापाचोळा गोळा करायला निघाले, तिने मागे घेतले. पदराचा दोरा निघाला होता, तो ओढावासा वाटला, तिने सोडून दिला. तिकडे नवरा झिजतोय नि मी इथे बसलेय, या विचाराने जीव खालीवर झाला. मग हळूहळू झाडावरून येणारा वारा तिला कळला. आपले खांदे कानांपर्यंत चढले होते, हेही तिला तेव्हाच कळलं. ते तिने खाली सोडले. उंबराची सावली या बाजूची त्या बाजूला गेली.

धनेशाने डोळे उघडले. "पहिलं कुलूप उघडलं."

"कधी?"

"तू बसली होतीस तेव्हा. बाई, कालंजर लबाड आहे. तुमच्या राज्यातल्या माणसांना जे जन्मात जमायचं नाही, त्याचीच त्याने कुलपं केली. आता जेव. पान संपल्याशिवाय उठू नकोस."

पाहते तो समोर केळीचं पान वाढलेलं. वरणभात, लिंबाची फोड, गरम भाकरी. म्हाळसाने पहिला घास उचलला, आणि लगेच कानाशी सासूचा आवाज, "म्हाळसे, तव्यावरची करपली गं!" ती अर्धी उठली. मग पानाकडे बघून खाली बसली. दुसरा आवाज आला, "वैनी, मीठ द्या." तिसरा आला, "मांजर दुधात तोंड घालतंय!" अशी साद सारखी चालूच. लग्न झाल्यापासून एक जेवण तिने सलग बसून जेवलं नव्हतं. पण आज ती शेवटच्या शितापर्यंत जेवली, लिंबाची फोडही चोखली, आणि दुसरं कुलूप खळ्ळकन गळून पडलं.

"तिसरं अवघड आहे," धनेश म्हणाला. "कोणी काही मागेल. नाही म्हणायचं."

"त्यात काय अवघड?"

तेवढ्यात दाराआडून भानजीचा आवाज आला. दमलेला नव्हे, गोड, लग्नाच्या नवलाईतला. "अगं, भाता ओढ ना जरा. एवढा एकच पत्रा. मग झालंच बघ."

म्हाळसाचा ऊर भरून आला. त्या माणसाला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. भाता ओढ म्हणाला, ओढला. अजून थोडं म्हणाला, अजून थोडं ओढला. आपणच भाता ओढून ओढून त्याला इथवर आणलं, हे तिला त्या दारापाशी लख्ख दिसलं. तिला रडू कोसळलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही ओढणार. आणि तुम्हीही उठा आता तिथून!"

दार उघडलं.

आत रांगेने मडकी मांडली होती. प्रत्येक मडक्यावर ज्याची त्याची खूण, तांबटांच्या मडक्यांवर त्या त्या हातोडीचा ठसा. मधोमध मऊ गादीवर कालंजर गाढ झोपला होता, उशाशी एक रिकामा पेला.

"हा पितो की काय?" म्हाळसाने विचारलं.

"पितो. याने जन्मात काडी इकडची तिकडे केली नाही, म्हणून याला झोप येत नसे. दुसऱ्यांचा थकवा पिऊन झोपतो. जितका पितो, तितकी भूक वाढते." धनेश मडक्यांवरून उडत गेला. "झाकणं काढ. ज्याचा थकवा त्याच्याकडे जाईल. पण जी माणसं गेली, त्यांचा थकवा कुठे जाणार? तो इथेच उरेल. सूर्य मावळायच्या आत कोणी जित्या माणसाने तो आपणहून घेतला नाही, तर सगळी मडकी पुन्हा भरतील."

म्हाळसाने झाकणं काढली. मडक्यांतून करड्या वाफेसारखं काहीतरी उठलं आणि दाराबाहेर निघून गेलं. भानजीच्या मडक्यातून उठलं ते तिला ओझरतं लागून गेलं, तेवढ्याने तिचे गुडघे वाकले. "अगं बाई, एवढं बाळगलं होतं माझ्या धन्याने!" ती म्हणाली.

त्याच घटकेला दूर तांबट आळीतले सगळे ठोके बंद पडले. राजवाड्यात धवलकेतू दचकून उठला. सगळी आळी मेली की काय! तो पालखीत बसून आळीत आला, तर माणसं ऐरणीला टेकून घोरत पडलेली. रांजणातून उलटा वारा सुटला होता. हा मांत्रिकाचाच घोळ, असं म्हणत राजा डोंगराकडे निघाला. वाटेत पालखीचे भोईही झोपले, त्यांनीही रांजणात हात बुडवले होते, त्यांचा थकवा आता त्यांना गाठत होता! मग राजा जन्मात पहिल्यांदा पायी चालला. गुहेपाशी पोचला तेव्हा तो लालबुंद झाला होता.

"कोण तू? माझं काम कोणी थांबवलं?"

"मी, महाराज. भानजी तांबटाची बायको."

"तटाचं काम अर्ध्यावर आहे!"

"आणि तटापायी हे चौघे संपले." म्हाळसाने मागे उरलेली चार मडकी दाखवली. मग धनेशाने सांगितलेलं सगळं राजाला सांगितलं. "सूर्य कलला आहे. मी उचलायला गेले, मला हलत नाहीत. हे काम माझ्या हुकमाने झालेलं नाही, ज्याच्या हुकमाने झालं त्यालाच ती हलतील."

राजा खोटं बोलणारा नव्हता. त्याने मान खाली घातली. पण मनात म्हणाला, एका तांबटाचा थकवा असून असून असणार केवढा! त्याने कोंडाजीचं मडकं उचलून तोंडाला लावलं.

आणि राजा मटकन खाली बसला. त्याच्या कानांत ठोके घुमू लागले. तळहात भाजल्यासारखे झाले, मानेत कळ गेली, छाती आवळली. पण तेवढंच नव्हतं. पत्रा वेळेत होईल का, ही धास्ती होती. मुकादम सगळ्यांदेखत बोलेल, ही लाज होती. आणि सगळ्याच्या तळाशी एक दबलेली हुरहुर होती.

"याला मुलगी होती," राजा म्हणाला.

"आहे, महाराज. सगुणी."

"तिला त्याने जत्रेत नेतो म्हटलं होतं. पाळण्यात बसवतो म्हटलं होतं. तट झाला की जाऊ, म्हणाला." राजाचे डोळे भरून वाहू लागले. "माझा तट झाला की."

म्हाळसा त्याच्या शेजारी बसली. त्याला धीर द्यावा असं तिला वाटलं नाही, आणि एकटं सोडावं असंही वाटलं नाही. थोड्या वेळाने राजाने कोणी न सांगता दुसरं मडकं ओढून घेतलं. मग तिसरं. मग चौथं. सूर्य मावळला तेव्हा सगळी मडकी कोरडी होती.

राज्याची घडी मग पुन्हा बसली. कालंजराला तांबट आळीत भाता ओढायला बसवलं. पहिल्याच दिवशी तो पेल्याशिवाय झोपला, आणि उठल्यावर इतका रडला, की लोकांना त्याची कीव आली. तट अर्धा तांब्याचा, अर्धा दगडाचा राहिला. परदेशी वाटसरू विचारत, हे असं का? राजा स्वतः सांगायचा. चार माणसांचा थकवा त्याच्या अंगातून कधीच गेला नाही, आणि त्याने तो जाऊही दिला नाही. दिवेलागणीला तो स्वतः आळीत यायचा आणि एकेकाच्या हातातली हातोडी काढून घ्यायचा. जत्रेला सगुणीला पाळण्यात त्यानेच बसवलं. ती घाबरली तेव्हा तिने बापाला हाक मारली. राजाने ती ऐकून घेतली.

पण मी पुढे गेलो. त्या रात्री म्हाळसा घरी धावत आली, तर भानजी उंबरठ्यावर आडवा. हालचाल नाही. उशीर झाला, ती मनात म्हणाली. तिने वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला.

भानजी घोरत होता.

पुनव येऊन गेली, भानजी झोपलेलाच. म्हाळसाने भाता भिंतीला टांगून ठेवला आणि त्याच्या उशाशी बसून राहिली, हातांना काही काम न देता. अखेर एका सकाळी त्याने डोळे उघडले. अंग हलवून पाहिलं आणि कण्हला.

"अगं," तो म्हणाला, "फार दमलोय गं मी."

म्हाळसा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "दमलात ना? दमा हो, खुशाल दमा! निजा अजून. मी आहे."

जसा त्यांचा थकवा त्यांना मिळाला, तसा ज्याचा त्याला मिळो. गोष्ट इथे संपली, आणि सांगणाराही आता जरा पाठ टेकतो.