भिवराअक्काचा शिंकणारा रांजण

तर ऐका हं. एका गावात एक रांजण होता, आणि तो शिंकायचा. हसता काय? खरंच शिंकायचा!

त्या गावाला राजा नव्हता. पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, ते पाटकरी ठरवायचा. आणि पाटकऱ्याला निवडायचं गाव. दरसाल सगळ्यांनी यायचं आणि रांजणात एकेक बी टाकायचं. एकासाठी चिंचोका, दुसऱ्यासाठी सागरगोटा. ज्याच्या बिया जास्त, तो पाटकरी. रांजण सांभाळायची भिवराअक्का. तोंडानं फटकळ, बरं का, पण मनानं मऊ.

त्या साली दोघं उभे राहिले. चिंचोक्याचा तुळाजी आणि सागरगोट्याचा रावबा. तुळाजी म्हणे, आधी उसाला पाणी. रावबा म्हणे, आधी ज्वारीला. गावात नुसती भांडणं! आणि तुळाजी कोण, ठाऊक आहे? अक्काचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. तिचा सगळा जीव त्याच्यात.

मग निवडीचा दिवस उजाडला. रावबाचा मेहुणा आला तो मूठभर सागरगोटे घेऊनच. हळूच हात आत घातला, आणि आऽऽक्छी! सगळे सागरगोटे उडाले ते थेट त्याच्या पागोट्यात. पोरं काय हसली म्हणता!

मग तुळाजीच्या माणसांनी काय केलं? खालच्या आळीतल्या ज्वारीवाल्या बायकांना वाटेतच अडवलं. तशी रांजणानं तोंडच मिटून घेतलं. कुणाचंच बी आत जाईना. अक्का ओरडली, "मेल्यांनो, त्या बायकांना येऊ द्या, नाहीतर बसा असेच ताटकळत!" शेवटी बायका आल्या, तेव्हा कुठं रांजणानं आऽऽ केला.

मग सगळ्यांसमोर बिया मोजल्या. रावबा एका सागरगोट्यानं जिंकला.

मग तिसरी खोडी काढायला आला तो तुळाजी स्वतः. हातात सोटा, डोळे लाल. "अक्का, बाजूला हो. रांजण फोडतो. मग बघू कोण पाटकरी होतो ते."

आता सोट्यापुढे शिंकेचं काय चालणार, बाळांनो? रांजण बिचारा गप्प. मग अक्काच त्याला मिठी मारून बसली.

"मी चिंचोकाच टाकला होता रे," ती म्हणाली. "मला तूच हवा होतास."

"मग हो की बाजूला!"

"नाही व्हायची. आज तू फोडलास, तर तू जिंकशील त्या साली रावबा सोटा घेऊन येईल. त्याला मी कुठल्या तोंडानं अडवू?"

तुळाजीनं सोटा भिरकावला. "आजपासून मला बहीण नाही," म्हणाला आणि निघून गेला. अक्काला फार रडू आलं. एवढं केलं आपण याचं, आणि हा असं बोलला! पण रांजणाची मिठी काही तिनं सोडली नाही.

मग एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. तुळाजी आपला पाटावर. रावबा सगळ्यांना सारखं पाणी देतो की नाही, ते डोळ्यांत तेल घालून बघायचा. एखादं शेत राहिलं की ओरडायचा, "अहो पाटकरी, हे विसरलात!" पाटकरी म्हणाला बरं का, आणि तेही अहो लावून! रावबा चिडायचा, पण पाणी सोडायचा. एकही शेत कोरडं राहिलं नाही.

मग चौथ्या दिवशी अक्काच्या दारात चिखलाचे पाय उभे राहिले. तुळाजीची मान खाली.

"अक्का, वाढ. भूक लागलीय."

अक्कानं भाकरी थापली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तो खाईपर्यंत जवळ बसून राहिली. जेवण झालं, आणि एवढा मोठा बाप्या, तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपून गेला.

असं ते गाव भांडत भांडत सुखानं नांदलं. आता तुम्हीही पांघरूण घ्या बघू. मिटा डोळे.