सुईण आणि अडलेलं पायडल

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात माणसं पाचशे, पण सायकल एकच. ती होती सुईणीची. आसपासच्या सात वाड्यांतली पोरं तिच्याच हातावर जन्माला यायची, म्हणून सातही वाड्यांनी मिळून तिला ती सायकल दिली होती. दिली तेव्हा वाजतगाजत दिली. पुढे चार पावसाळे ती वळचणीखाली भिजली, तेव्हा तेलाचा थेंब घालायला कुत्रं फिरकलं नाही. माणसाची जातच तशी.

मग व्हायचं तेच झालं. एके दिवशी डावं पायडल मोडलं. पाय ठेवायचा भाग गळून पडला, उरली नुसती गंजकी दांडी. तालुक्याहून नवी जोडी आली. पण नवं बसवायचं तर आधी जुनं निघायला नको? सुईणीनं दोन दिवस दोन्ही बाजूंना रॉकेल सोडलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या पैलवानाला हाक मारली.

पैलवान दंड थोपटतच आला. उजव्या बाजूला बसला, पाना उभा लावला आणि आपल्या डाव्या हाताकडे हिसडला. कुर्रर्र झालं आणि पायडल सुटलं. बघायला जमलेल्यांनी शिट्ट्या मारल्या.

मग गडी छाती काढून डाव्या बाजूला आला. पाना लावला आणि तसाच आपल्या डाव्या हाताकडे ओढला. पायडल हललं नाही. दोन जणांना सायकल धरायला लावली, पान्यात लांब लोखंडी नळी घातली, पुन्हा ओढला. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या, तरी पायडल ढिम्म.

"सकाळी दूध कमी पडलं का रे?" पारावरून कोणीतरी ओरडलं.

"तू ये की, तुझ्या आईचं दूध काढ बाहेर!" पैलवान घाम पुसत म्हणाला आणि आणखी जोरानं ओढायला लागला.

तेवढ्यात वरच्या वाडीचा एक माणूस धापा टाकत आला.

"मावशी, चला! बायकोला पहाटेपासून कळा येतायत. मूल आडवं आहे म्हणतात."

वाडी चार कोसांवर, आणि सगळी चढण. सुईणीचे गुडघे दुखरे. चालत गेली तर दिवस कलला असता. त्या वाटेला बैलगाडी जात नव्हती. सायकल मात्र जात होती, तासा-दीड तासात.

लोहार घण घेऊन पुढे आला. "मावशी, सरका. एका दणक्यात काढतो."

"आणि पायडल ज्यात बसतं तो दांडाच मोडला तर?"

"मोडला तर मोडला! नाहीतरी कुठं निघतंय?"

"घाल घण, घाल!" सगळे ओरडायला लागले. फुकटचा सल्ला द्यायला आपल्या गावात कधी कोणी मागं राहिलंय?

सुईणीनं सायकलवर हात ठेवला. "थांब. मला एकदा बघू दे."

"मावशी, हे लोखंड आहे," लोहार हसला. "बाळ नाही, ओढलं की यायला."

"बाळसुद्धा ओढायचं नसतं, मुडद्या. ते कसं अडलंय ते बघायचं असतं."

ती डावीकडे बसली. मग उठून उजवीकडे जाऊन बसली. पुन्हा डावीकडे आली. आणि तिला एकदम गावची विहीर आठवली.

त्या विहिरीच्या एका अंगाला चिंचेचं झाड होतं आणि विहिरीवर मोठा रहाट होता. त्याला दोन टोकांना दोन दांडे. दोन बायका समोरासमोर उभ्या राहायच्या आणि मिळून फिरवायच्या. गावात नवी सून आली की हमखास चुकायची. समोरचीचा हात तिच्या डावीकडे जातोय, म्हणून हीपण आपला हात डावीकडे न्यायची. मग रहाट जागीच अडायचा आणि घागर मध्येच लोंबकळायची. सुईणही सून म्हणून आली तेव्हा अशीच चुकली होती. सासू कडाडली होती, "हाताकडं काय बघतीस? चिंचेकडं ढकल! दोघींनी चिंचेकडंच ढकलायचं!"

सुईण ताडकन उभी राहिली.

"पैलवान, उजवं पायडल सुटलं तेव्हा पाना कुठल्या चाकाकडं गेला?"

पैलवानानं डोकं खाजवलं. "मागच्या."

"आणि आता इतका वेळ तू कुठं ओढतोयस?"

पैलवानानं नळीकडे पाहिलं. तो पुढच्या चाकाकडे ओढत होता. सकाळपासून गडी पायडल सोडवत नव्हता, आवळत होता!

"आता तू फक्त दांडा घट्ट धर," सुईण म्हणाली. "हलू देऊ नकोस."

तिनं पाना उभा लावला, नळी घातली, पदर खोचला आणि सगळं अंग टाकून नळी मागच्या चाकाकडे ढकलली. काही झालं नाही. पारावरचे हसायच्या बेतात होते. तिनं दात खाल्ले आणि पुन्हा ढकलली.

कुर्रर्र!

गंजाचा भुगा उडाला. मग पायडल कसं, हातानं फिरवलं तरी येत होतं. लोहारानं घण गुपचूप पाठीमागे लपवला. सुईणीनं नवी पायडलं पुढच्या चाकाकडे फिरवून आवळली, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाली. पैलवान चढणीला सायकल मागून ढकलत गेला, ते बरं केलं त्यानं.

वाडीत पोचली तेव्हा बाई थकून गेली होती, पण जीव होता. सुईणीनं बाळ ओढलं नाही. हळूहळू चाचपलं, वळवलं, वाटेला लावलं. ऊन डोक्यावर यायच्या आत पोरीचं रडणं सगळ्या वाडीनं ऐकलं. बाप अंगणात नाचला. पैलवान तर ढसाढसा रडला आणि वर म्हणाला, डोळ्यात गंज गेलाय.

सुईण उतारावरून घंटी वाजवत गावात आली तेव्हा पारावरचे सगळे उठून उभे राहिले. त्या दिवसापासून दर अमावस्येला पैलवान स्वतः सायकलला तेल घालतो. आणि विहिरीवर नवी सून चुकली की सासू ओरडते, "अगं, चिंचेकडं ढकल, नाहीतर पैलवान होशील!"

तात्पर्य: काही अडलं तर आधी दिशा बघा, मग दंड दाखवा. उलट्या बाजूला जोर लावणारा जितका बलवान, तितकी गाठ घट्ट.