आडवी डहाळी

“नव्हती म्हणालात, तर तुमचं काय जाणार आहे बुवा?”

झऱ्याच्या तोंडाशी पाला अडकला होता. केरूबुवा तो बोटांनी काढत होते.

“एक शब्द फक्त. नव्हती. बस्स.”

बुवांनी पाला बाजूला ठेवला. पाणी मोकळं झालं.

विचारणारा सारंग बेडेकर. पुण्याचा. माणसं जमवून डोंगरात फिरवणारा. दोनशेच्या वर घाटवाटा उतरलोय असं सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. पाय त्याचे चांगले. तोंड त्याहून चांगलं. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला आणि बुवांच्या मागं मागं चार पावसाळे हिंडला. जाईल तिथं सांगायचा, डोंगर वाचायला मला बुवांनी शिकवलं, ते माझे गुरू.

बुवा मात्र त्याला कधी शिष्य म्हणाले नाहीत. कुणालाच म्हणाले नाहीत.

बुवांची खोपी डोंगराच्या धारेवर, झऱ्याला लागून. अलीकडं पायथ्याला आमचं गाव, पलीकडं अस्वलीची घळ. घळीकडं उतरू लागलं की जांभळीपाशी वाट फुटते. उजवी घळीत उतरते, धबधब्याच्या पायथ्याला. डावी जाते माथ्यावर, जिथून पाणी खाली उडी घेतं तिथं. पावसात त्या माथ्याची कड सुटते. वरून दिसत नाही, पण आतून पोकळ होते. तशी झाली की बुवा डाव्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकतात आणि तिच्यावर दगड ठेवतात. म्हणजे वाट बंद.

डहाळी ज्यानं ठेवली त्यानंच उचलायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आमच्यातला दारुडासुद्धा लावत नाही. पाटी नाही, रंगाचा बाण नाही. माझ्या आज्यापासून असंच चाललंय आणि बरं चाललं होतं.

आश्विनात सारंगच्या टोळीतली एक मुलगी डाव्या वाटेनं गेली. मृण्मयी चांदोरकर. तेवीस वर्षांची. कड तिच्या पायाखालून गेली.

आम्ही चौघांनी तिला झोळीतून वर आणली. दीड दिवस लागला. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता मार्गशीर्ष लागला होता, आणि तिचा बाप डोंगर चढत होता. वामनराव. बुवांना एकच विचारायचं म्हणून आले होते, त्या दिवशी वाट बंद केली होती का. सारंगच त्यांना घेऊन आला होता. शेवटच्या चढाला दम लागला म्हणून त्यांना सावलीत बसवलं आणि हा पुढं पळत आला.

बुवांचे तांदूळ घेऊन मी आलो होतो, तिथंच बसलो होतो. सारंगनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाला ही मंडळी धोंड्यात धरतात.

“पोलिसांनी अपघात लिहिलाय,” तो म्हणाला. “वाट उघडी होती असं मी सांगितलं.”

“मग?”

“मग काका आता तुम्हाला विचारणार. तुम्ही होती म्हणालात की...”

“की काय?”

“ती उचलली कुणी, ते विचारतील.”

“विचारतीलच.”

सारंग खाली बसला. बुवांच्या पुढ्यात, अगदी जवळ.

“बुवा, मी माझ्यासाठी नाही सांगत.”

“नाही?”

“त्यांचं वय बघा. एकुलती एक मुलगी. नव्हती म्हटलंत तर दैव म्हणून सोडून देतील, घरी जाऊन झोपतील. होती म्हटलंत तर मरेपर्यंत जळत राहतील. तुम्हीच म्हणायचात ना, ज्यानं माणूस तरतो तेच खरं.”

“असं मी म्हणालो?”

“म्हणाला होतात. इथंच.”

“तापात असेन.”

मला हसू आलं. सारंगला नाही आलं.

“बुवा, माझं सगळं जाईल हो. माझ्या मागून परत कुणी पाऊल टाकणार नाही.”

हे मात्र त्याच्या पोटातून आलं. आल्यापासून पहिल्यांदा.

खालून काठीचा आवाज येऊ लागला. दोन पावलं, मग थांबायचा. पुन्हा दोन पावलं.

बुवांनी हात धोतराला पुसले.

“बरं,” ते म्हणाले. “नव्हती म्हणून सांगतो. ठेवायची मी विसरलो.”

सारंगनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. खांदे हलत होते त्याचे.

“तुमचे उपकार मी...”

“ऊठ. मला बांधाबांध करायचीय.”

बुवा खोपीत गेले. घोंगडी आणून बाहेर पसरली. तिच्यावर तवा ठेवला, कोयता ठेवला, दोन धोतरं, एक तांब्या. पुन्हा आत गेले, देवाकडं बघून तसेच रिकाम्या हातानं बाहेर आले. देव तिथलाच होता.

“बुवा, हे काय? कुठं निघालात?”

बुवा तव्याभोवती धोतर गुंडाळत होते.

मग मीच सांगितलं. “ज्याच्या हातून वाट बंद करायची राहिली, तो या डोंगरावर राहत नाही. रीत आहे. यांच्या आधीचा गोसावी असाच गेला. त्याच्या वेळी एक म्हैस पडली होती.”

“म्हैस?”

“म्हैस.”

सारंगचा चेहरा उतरला. “अहो, पण खरं तसं नाहीये ना.”

“तसंच आहे म्हणून तूच सांगतोयस,” बुवा म्हणाले. “टोक धर जरा.”

तो नुसता बघत राहिला.

“घोंगडीचं टोक, सारंगा. माझ्या बोटांत आता जोर नाही.”

त्यानं टोक धरलं.

“ओढ. ढिली राहिली.”

त्यानं ओढली. गाठ बसली.

“किती वर्षं झाली तुम्हाला इथं?”

“एकतीस.”

“आणि आता जाणार कुठं?”

“वाटा काय, पुष्कळ आहेत. तूच मोजल्यास.”

...

वामनराव वर आले. बूट कोरे होते, या चढासाठीच घेतलेले दिसत होते. एका टाचेला फोड आला असावा, पाय तिरका टाकत होते. बुवांनी त्यांना दगडावर बसवलं आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात झऱ्याचं पाणी दिलं.

अर्धं प्यायले. उरलेल्याकडं बघत राहिले.

“थंड आहे.”

“बाराही महिने असंच असतं.”

“ती प्यायली असेल का हो हे?”

“प्यायली. ओंजळीनं. दोनदा मागितलं.”

वामनरावांनी मान हलवली. उरलेलं पाणी सांडू न देता संपवलं.

“बुवा, मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मधली एक पायरी सुटली तर मला पुढं जाता येत नाही. लोक म्हणतात तुम्ही त्या वाटेवर फांदी ठेवता. त्या दिवशी होती का?”

बुवांनी गाठोडं पायाशी ओढून घेतलं. वामनरावांच्या डोळ्यांत बघितलं.

“मी त्या दिवशी...”

“होती,” सारंग म्हणाला.

...

“होती काका. हिरवीगार होती. चाळीस माणसं मागं उभी होती, त्यांना वरून धबधबा बघायचा होता. मला वाटलं की... नाही. वाटलं बिटलं काही नाही. ती कशासाठी असते ते मला ठाऊक होतं. मी दगड काढला आणि डहाळी घळीत फेकली. बुवा काही विसरले नव्हते.”

वामनराव त्याच्याकडं बघत होते. खूप वेळ. जणू हा माणूस कोण हे आठवत होते.

“तेराव्याला तू आमच्याकडं जेवलास.”

“हो.”

“पान तसंच राहिलं म्हणून माझ्या बायकोनं तुला हातानं वाढलं.”

“हो काका.”

“काका म्हणू नकोस.”

वामनराव उठले. काठी वर गेली. त्यांच्या जागी मी असतो तर घातली असती, खोटं कशाला सांगू. सारंग हलला नाही, डोकंही वाचवलं नाही त्यानं. काठी वरच राहिली... आणि हळूच खाली आली.

मला तांदळाची पिशवी कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून मी ती मांडीवर घेऊन बसलो.

मग वामनरावांनी सारंगकडं पाठ केली. बुवांना म्हणाले, “मला ती जागा बघायचीय. जिथं ती सापडली ती.”

बुवा गाठोडं सोडायला बसले होते. सारंगनं चांगली ओढून बांधलेली गाठ, ती सुटत नव्हती. नखानं उकलत, वर न बघता ते बोलले.

“सारंगा, यांचा हात धर. खाली शेवाळ आहे.”