राणी कोणाच्या खांद्यावर?

"महाराज, राणीच्या पोटात मुलगी शिरली तर चालेल का?"

प्रश्न हिमेनाचा असला तरी पैज मैत्रिणींची होती. "विचारशील तर खरी!" असं म्हणून त्यांनी तिला पुढे ढकललं होतं आणि आता त्या खांबाआड दात काढत उभ्या होत्या.

स्पेन देशातलं ओर्बाल्दे हे डोंगरातलं गाव. टेकडीवर देवमातेचं देऊळ, आणि देवळात बेनितो नावाचे संन्यासी राहत. आपण त्यांना महाराजच म्हणू. महाराज त्या वेळी ओसरीवर बसून तुटलेल्या चपलेचा पट्टा लाल दोऱ्यानं शिवत होते.

गावच्या जत्रेत दोन प्रचंड पुतळे निघत, राजा आणि राणी. दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढे उंच! रेशमी घेराच्या आत लाकडी सांगाडा असे. एकेक माणूस आत शिरून आडपट्टी खांद्यावर घेई आणि ढोल-सनईवर पुतळा नाचवत टेकडी चढे. दारात राजा-राणी एकमेकांना वाकून नमस्कार करत, मग देवमातेला. एकच कडक रीत होती. वाटेत पडलेला पुतळा पुन्हा उभा करायचा नाही, होळीत घालायचा. राणी चार पिढ्या हिमेनाच्या घरी होती. घरातले सगळे ठेंगणे, म्हणून राणीची आडपट्टीही खालीच ठोकलेली.

महाराज हसून म्हणाले, "बाळ, ते राणीला विचार. तिला तुझा खांदा चालला तर मला का नाही चालणार?"

पायरीवर फोर्तून लोहार उभा होता. राजा त्याच्या खांद्यावर असे आणि खांदे बैलासारखे! तो फिस्सकन हसला. "राणीचे भोई आधीच बुटके, त्यात ही चिमणी! महाराज, तुम्ही आपला जप करा. ओझं देवाला कळत नाही, खांद्याला कळतं."

हिमेनाचे कान लाल झाले. महाराज मात्र शांतपणे दोऱ्याला गाठ मारत राहिले.

जत्रेचा दिवस उजाडला तोच वाऱ्यानं. अर्ध्या चढावर हिमेनाच्या बाबांच्या पायाखालचा दगड निसटला आणि गुडघा कट्कन वाजला. तशाही वेदनेत त्यांनी राणी जमिनीवर सरळ टेकवली आणि मगच ते कोसळले! दोन उंच गडी एकामागून एक आत शिरले. पण ती ठेंगणी आडपट्टी! कमरेत वाकून शिरले की उठताच येईना. वर वारा वाढतच होता. राणीचं डोकं एकदा दरीकडे झुकलं तशी बायकांनी किंकाळी फोडली.

"होळी पेटवायला घ्या!" राजाच्या पोटातून फोर्तूनचा आवाज आला.

हिमेना घेराखाली शिरली.

"हिमे, बाहेर ये! मान मोडेल तुझी!" आई ओरडली. बाबांनी मात्र स्वतःच्या कमरेचा शेला सोडून आत सरकवला. "घट्ट बांध. उठताना गुडघ्यातून ऊठ, कमरेतून नको."

आत अंधार. डोळ्यांपुढे वीतभर फट, नाकात जुन्या सरसाचा आणि बाबांच्या घामाचा वास. ती उठली. आडपट्टी मांसात रुतली. एक पाऊल. दोन. आणि वाऱ्यानं घेर शिडासारखा फुगवला! सांगाडा डावीकडे कलला, अजून कलला... पडली! आता पडलीच! चार पिढ्यांची राणी माझ्या हातून!

"महाराज!"

आणि काय सांगावं! ओझं अर्धं झालं. सांगाडा सरळ झाला. हिमेनानं खाली पाहिलं. तिच्या दोन पावलांशेजारी आणखी दोन पावलं चालत होती, ढोलाच्या तालावर. डाव्या चपलेच्या पट्ट्याला लाल दोरा होता.

बाहेर मात्र सारा गाव पाहत होता, महाराज वर देवळाच्या दारात डोळे मिटून उभे होते!

राणी दारात पोचली. राजा तिच्यापुढे वाकला, तशी त्याच्या पोटातली फट खाली वळली आणि फोर्तूनला राणीच्या घेराखाली चार पाय दिसले. राजाला टेकवून तो तीरासारखा बाहेर आला.

"लबाडी! आत आणखी कोणीतरी आहे!"

त्यानं घेर उचलला. आत एकटी हिमेना!

"कोण होतं तुझ्याबरोबर?"

"होतं कोणीतरी, फोर्तूनकाका. खोटं कशाला बोलू?" एवढं म्हणून ती महाराजांच्या पायांकडे बघत राहिली. फोर्तूननंही पाहिलं. सकाळपासून दारातून न हललेल्या त्या चपलांना चढावरची ओली लाल माती लागली होती. आणि झगा सरकून उघड्या पडलेल्या खांद्यावर चार बोटं रुंद तांबडा वळ उठला होता. आडपट्टीचा वळ! दर जत्रेत स्वतःच्या खांद्यावर उठणारा तो वळ फोर्तून ओळखणार नाही तर कोण?

राजाला वाकवणारा तो माणूस पहिल्यांदाच स्वतः वाकला. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "चुकलो, महाराज. ओझं देवालाही कळतं."

"कळतं रे बाबा," महाराज म्हणाले, "आणि झोंबतंही. ऊठ, थोडं तेल लाव बघू."

फोर्तून तेल आणायला धावला. गड्यांनी बाबांना उचलून वर आणलं होतं, आई शेजारी डोळे पुसत होती. हिमेना त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. शेला अजून कमरेला तसाच होता.

"आई, बाबा, उद्यापासून मी रोज भरली घागर खांद्यावर घेऊन ही टेकडी चढणार आहे. पुढच्या वर्षीही राणी मीच नाचवणार. आणि महाराजांच्या खांद्यावर पुन्हा वळ उठू देणार नाही!"