येण्याची ज्वारी

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते मोजता आलं नव्हतं.

एका खडकाळ मुलखात एक गाव होतं. गावाला नदी नव्हती, खोल विहिरी होत्या. तिथे शेजारी शेजारी कापड रंगवायची दोन घरं होती. एक रंगाऱ्याचं, दुसरं एका विधवा रंगारणीचं.

लाल रंगाचं एक असतं. कापड रंगातून काढलं की वाळायच्या आत भरपूर पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर डाग पडतात. म्हणून दोघांनाही विहिरीवर रहाट हवा होता.

रहाटाचं माप तिथे कुणाच्या मालकीचं नव्हतं. चावडीच्या दगडावर ते कोरलेलं होतं. रानातून लाकूड आणावं, माप बघावं आणि रहाट करावा. तिथल्या एका बागवानाने तसाच केला होता आणि तो सुखात होता. रहाट दोन दिवस बंद पडला तरी त्याची वांगी मान टाकून वाट बघायची.

गावातला सुतार म्हणाला, "मीही तोच रहाट करतो. पण दर वर्षी चार पायली ज्वारी घेईन. दर अमावास्येला येऊन दात, दोर, आस बघीन. बारा वर्षं तुमच्या रहाटाला बसणारे दात माझ्याकडे तयार असतील. आणि रहाट थांबला, तर हातातलं काम टाकून येईन."

रंगारी हसला. "लाकूड तेच, माप तेच. मग ज्वारी कशाची, सुतारदादा?"

"येण्याची."

"आणि रहाट थांबलाच नाही तर?"

"तर तुमचं नशीब चांगलं. ज्वारी तरीही घेईन."

रंगाऱ्याने स्वतःच फुकटात रहाट केला. रंगारणीने ज्वारी कबूल केली.

तीन वर्षं दोन्ही रहाट सारखेच फिरले. रंगारी कुंपणावरून विचारायचा, "वहिनी, तुमचा सुतार आज काय करून गेला?"

"दोन दात ठोकून बघितले आणि ताक पिऊन गेला."

"महागात पडलं म्हणायचं ताक."

तीही हसायची. खरं सांगायचं तर तिसऱ्या वर्षी तिलाही ती ज्वारी जड वाटू लागली होती.

चौथ्या वर्षी लगीनसराईच्या तोंडावर विणकरांनी रंगाऱ्याकडे शंभर लुगडी टाकली. सगळी लाल. लुगडी रंगातून निघाली आणि त्याच्या रहाटाचा दात तुटला.

हाक मारल्याबरोबर निम्मं गाव धावलं. माणसं भली होती, हेही सांगितलं पाहिजे. बागवानाने आपल्या रहाटाचा दात आणून दिला. माप एकच, पण घडवणारे हात वेगळे. तो बोटभर जाड निघाला. एकाने पाचर ठोकली. दुसऱ्याने "ही कुणी ठोकली?" म्हणत काढली. तिसरा म्हणाला, आसच वाकलाय. दुपार झाली तसा एकेक जण जेवायला घरी गेला. कुणी शब्द मोडला नाही, कारण कुणी दिलाच नव्हता.

रंगारी सुताराकडे धावला. सुतार एका तेलणीच्या घाण्याखाली आडवा पडला होता.

"राग नाही दादा," तो तिथूनच म्हणाला, "पण हिचा घाणा अडलाय आणि हिला मी बांधलेला आहे. तुमच्याकडे उद्या सकाळी येतो."

रंगारणीने आपला पाण्याने भरलेला हौद त्याला मोकळा करून दिला. चाळीस लुगडी वाचली, तोवर वाळून गेलेली साठ डागाळली. दुसऱ्या दिवशी सुताराने तांबूल चघळता चघळता दात बसवला.

विणकरांनी भांडण केलं नाही. त्यांच्यातली म्हातारी एवढंच म्हणाली, "रंग तुझा चांगला आहे, बाबा. त्यात खोट नाही. पण आमच्या लुगड्यांना मुहूर्त असतो."

पुढच्या लगीनसराईत त्यांची गाठोडी रंगारणीच्या दारात उतरली.

बोध: वस्तू घेताना ती केवढ्याला पडते हे नंतर पाहावं, ती थांबली तर आपल्याला किती थांबता येईल, हे आधी पाहावं.